अंगठा वर गेला होता

मंगळवार पेठ, कोल्हापूर
१९ जानेवारी १९९६

चि. प्रभुलिंग यास आशीर्वाद.

तुझी इंटर्नशिप सुरू झाल्याचं अप्पांकडून समजलं. मेसचं जेवण अंगी लागत नसेल, अव्वा शेंगदाण्याची चटणी पाठवते आहे.

मला माहेरी येऊन चार महिने झाले. नेसरीहून काही निरोप नाही. डावा हात तसाच बधिर आहे, आता पायालाही मुंग्या येतात. पण ते सांगायला हे पत्र नाही. शांभवीला त्यांनी तिकडे ठेवून घेतलं आहे. पुढच्या महिन्यात तिला तीन वर्षं पूर्ण होतील. मागच्या आठवड्यात मी भेटायला गेले होते. सासूबाईंनी उंबऱ्याच्या आतूनच सांगितलं, "डाक्टर भावानं लिवून दिलंय की, रोग न्हाय म्हणून. सोंग करणाऱ्या बाईकडं पोर द्यायची न्हाय."

प्रभू, तुझ्या त्या चिठ्ठीनंतर माझं कुणी ऐकत नाही. अप्पासुद्धा म्हणतात, मन घट्ट कर. तू एवढंच कर, दुसरी चिठ्ठी लिही. पुन्हा विचार केला, मोठ्या डॉक्टरांना दाखवायला हवं, असं लिही. आपली ती जुनी गोष्ट काढायची काही गरज नाही, ती दोघांतच राहू दे. आक्का सोंग करत नाही, एवढं एक वाक्य पुरे.

तू लिहिलंस तर ते ऐकतील. मला शांभवी परत मिळेल.

तुझी,
आक्का


मंगळवार पेठ
११ मार्च २००७

प्रभू,

अकरा वर्षांनी तुला पत्र लिहिते आहे. मागच्याचं उत्तर अजून यायचं आहे. टपाल खात्याला मी दोष देत नाही.

तुझी मुलाखत वाचली. अव्वाने ते कात्रण कापून अप्पांच्या फोटोखाली चिकटवलं आहे. पेठेतली माणसं घरी येऊन बघून जातात. "कोल्हापूरच्या सुपुत्राचं अमेरिकेत संशोधन." फोटोत पांढरा कोट घालून सूक्ष्मदर्शकाशेजारी उभा आहेस, तब्येत सुधारली आहे. खाली मोठ्या अक्षरांत तुझं वाक्य: "माझ्या मोठ्या बहिणीच्या आजाराने मला ही वाट दाखवली. तेव्हा तिला काय झालं आहे हे आमच्यापैकी कुणालाच कळलं नव्हतं."

कुणालाच?

मी हल्ली पेठेतल्या एका छापखान्याची प्रुफं तपासते. लग्नपत्रिका, सोसायट्यांचे अहवाल, निवडणुकीत उमेदवारांची पत्रकं. कामाला एकच हात लागतो आणि तो अजून चालतो. खोट्या मजकुरातल्या चुका दुरुस्त करून पोट भरते म्हण. त्यामुळे सवय लागली आहे, छापलेलं वाक्य दिसलं की मी ते खरं आहे का हे बघत नाही, नीट आहे का एवढंच बघते. तुझं वाक्य अगदी नीट आहे. फक्त खोटं आहे.

मला तुझी वाट दाखवणारी बहीण व्हायचं नाही. लोक येतात, कात्रण वाचतात, मग खुर्चीत बसलेल्या माझ्याकडे बघतात आणि म्हणतात, भाऊ असावा तर असा. अव्वा चहा टाकते. मी हसते. किती दिवस हसायचं ते तूच सांग.

आता कामाचं. शांभवी चौदा वर्षांची झाली. नववीत आहे, नेसरीच्याच शाळेत. तिच्या वडिलांनी दुसरं लग्न केलं, ते कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत कामाला आहेत आणि बायकोसह तिकडेच राहतात. पोरगी आजीपाशी, म्हणजे माझ्या सासूबाईंपाशी, बसम्मांपाशी वाढली. गेल्या वर्षी गडहिंग्लजला एका लग्नात ती मला भेटली. मांडवाच्या कडेला माझी चाकांची खुर्ची होती. ती आली, लांब उभी राहिली. माझ्यापेक्षा उंच आहे, म्हणजे मी उभी राहिले असते तर. माझ्या चेहऱ्याकडे तिनं बघितलंच नाही, पायांकडे बघितलं आणि विचारलं, "तुमास्नी खरंच चालता येत न्हाय व्हय?"

खरंच. माझ्या पोटच्या पोरीनं मला तुम्ही म्हणून तो शब्द विचारला.

तू म्हणशील, पुण्याचा रिपोर्ट का नाही दाखवलास. दाखवला. २००० साली एमआरआय झाला, मल्टिपल स्क्लेरॉसिस असं नाव लिहून मिळालं, त्याच आठवड्यात मी झेरॉक्स नेसरीला पाठवली. सासूबाईंनी निरोप आणणाऱ्याला सांगितलं, "रिपोर्ट काय, पैसं टाकलं की मिळतोय. सख्खा भाऊ बहिणीसाठी खोटं लिवंल. बहिणीच्या इरुद्ध कोण खोटं लिवंल? म्हंजे त्येच खरं." या बाईला लिहिता-वाचता येत नाही, पण तिच्या बोलण्यात कुठे चूक आहे ते मला अजून सापडलेलं नाही. जगात असा भाऊ नसतो, या एका समजुतीवर ती उभी आहे.

तेव्हा मला तुझ्याकडून एकच हवं आहे. तुझ्या हाताने, मराठीत, शांभवीच्या नावे नेसरीला एक पत्र. १९९४ साली मी जे लिहून दिलं ते खोटं होतं, आणि ते खोटं आहे हे लिहिताना मला माहीत होतं. बास. तुझं संशोधन, तुझा पांढरा कोट, सगळं तुला लखलाभ.

दानेश्वरी


मंगळवार पेठ
६ मे २००७

प्रभू,

एक पान मागितलं होतं, तू आठ पाठवलीस. तीही टाइप केलेली. त्यात हिरव्या-तांबड्या पेशींचं चित्र आहे. शांभवीच्या नावाचा उल्लेख एकदाही नाही.

तरी मी वाचली, पेन्सिल घेऊन. समजत नाही असं तुला वाटू नये म्हणून थोडक्यात सांगते. रक्तात फायब्रिनोजेन नावाचं प्रथिन असतं. जखम झाली की त्याचे धागे होतात, त्या धाग्यांनी रक्त गोठतं आणि माणूस वाचतो. मेंदूच्या रक्तवाहिन्यांना एक जाड बांध असतो, त्यामुळे हे प्रथिन मेंदूत शिरत नाही. माझ्यासारखीचा तो बांध फुटतो. प्रथिन आत झिरपतं. आत मेंदूच्या राखणदार पेशी बसलेल्या असतात, त्यांनी याला आधी कधी पाहिलेलं नसतं. त्या त्याला धरतात आणि चवताळतात. मग रानात डुक्कर शिरलं म्हणून राखणदारानं उसाचा फडच पेटवून द्यावा, तसं होतं. नसांवरचं वेष्टण जळतं, आणि हाताचा निरोप मेंदूला पोचत नाही. बरोबर ना?

पुढे तू लिहिलंस की तुम्ही उंदरांत ते प्रथिन आणि राखणदार यांची गाठच पडू दिली नाही. ज्या जागी राखणदार त्याला धरतो, नेमकी तेवढीच जागा झाकली. रक्त गोठायचं थांबलं नाही, पण राखणदार शांत झाले. मागचे पाय ओढत चालणारे उंदीर नीट चालायला लागले. "आक्का, तो उंदीर पिंजऱ्यात चालताना पाहिला तेव्हा मला तुझी आठवण आली."

हे वाक्य वाचून मी पेन्सिल खाली ठेवली. अप्पांच्या मातीला तू चार दिवस आला होतास. माझी खोली जिन्याखाली आहे. त्या चार दिवसांत तू जिन्यावरून किती वेळा चढलास-उतरलास ते मी मोजलं नाही, पण खोलीत एकदाही आला नाहीस. आणि तिकडे उंदीर बघून तुला आक्का आठवते. बैल गेला नि झोपा केला, असं आपल्याकडे म्हणतात. तू तर झोपा अमेरिकेत केलास.

त्या तुझ्या प्रथिनाचा मला राग येत नाही, खरंच सांगते. ते आपलं काम करतं, चुकीच्या जागी पोचतं एवढंच. त्या राखणदारांचाही येत नाही. त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. तुला कुणी सांगायची गरज नव्हती, म्हणून तुझा येतो.

तू विसरला असशील तर आठवण करून देते. १९९४, श्रावणातला सोमवार. नेसरीच्या घरी स्वामी आले होते, पादपूजा होती. सगळ्यांबरोबर मीही गळ्यातल्या करडगीतून, त्या चांदीच्या डबीतून, इष्टलिंग काढून डाव्या तळहातावर घेतलं. तळहातावर ते आहे की नाही हे हाताला कळत नव्हतं, म्हणून नजर जराही न हलवता बघत बसले. बघता बघता ते घरंगळलं आणि फरशीवर पडलं. त्या महिन्यातली ती तिसरी वेळ. जिवापेक्षा जपायची वस्तू, ती सुनेच्या हातून स्वामींसमोर पडली. सासूबाईंचा चेहरा पांढरा पडला. "येकदा पडलं तर निसटलं म्हणीन. तीनदा? हिला पूजाच नगो हाय. ह्याच हातानं पोर उचलती, घागर उचलती."

स्वामी मात्र शांत होते. ते म्हणाले, "रागवू नगा. आधी डाक्टरला दावा." आणि घरचाच डॉक्टर होता. शेवटच्या वर्षाला असलास तरी खेड्यात तू डॉक्टरच होतास. तुला मिरजेहून बोलावून घेतलं.

तू सोप्यात मला चटईवर निजवलंस. टाचणी टोचलीस, गुडघ्यावर टिचक्या मारल्यास. मग होस्टेलच्या कुलपाची किल्ली काढून तळपायावर टाचेपासून बोटांपर्यंत ओढलीस. उजव्या पायाचा अंगठा खाली वळला. डाव्या पायाचा वर गेला आणि बोटं पसरली. तू पुन्हा ओढलीस. पुन्हा वर गेला. तिसऱ्यांदा ओढलीस तेव्हा मी अंगठ्याकडे नाही, तुझ्याकडे बघत होते. तुझा चेहरा उतरला होता.

मग तू उठलास, हात धुतलेस आणि वहीतलं पान फाडून लिहून दिलंस: "शारीरिक दोष आढळला नाही. कारण मानसिक असावे. फार लक्ष न दिल्यास आपोआप बरे वाटेल."

त्यांनी तुझं शब्दशः ऐकलं. वर्षभर लक्ष दिलं नाही. मी अंगणात पडले तर माझ्यावरून ओलांडून जायचे. भाकरी करताना डावा तळहात तव्यावर टेकला, मला वास आल्यावर कळलं. सासूबाई म्हणाल्या, सोंगासाठी हात भाजून घेणारी बाई मी पहिल्यांदा बघितली. पोरीवर परिणाम नको म्हणून मला इकडे धाडलं आणि तिला ठेवून घेतलं.

पुण्याच्या डॉक्टरांनी तीच तपासणी केली तेव्हा मी विचारलं, हा अंगठा मुद्दाम वर करता येतो का हो? ते म्हणाले, ताई, याचं सोंग कुणालाच करता येत नाही, मेंदू नाहीतर मणक्यात बिघाड असल्याशिवाय तो असा वर जात नाही, हे विद्यार्थ्यांनासुद्धा पहिल्या धड्यात शिकवतात.

पहिल्या धड्यात, प्रभू. आणि तू मुलाखतीत सांगतोस, कुणालाच कळलं नव्हतं.

पत्र लिही. आठ पानं नकोत.

दानेश्वरी


मंगळवार पेठ
२४ जून २००७

प्रभू,

तुझं चार ओळींचं पत्र मिळालं. "आक्का, मी लिहीन. अंगठा मी पाहिला होता, हेही लिहीन. पण का खोटं लिहिलं ते लिहायचं तर १९९१ लिहावं लागेल. चालेल का?"

पहिल्यांदा वाचलं तेव्हा कागद चुरगाळून फेकला. अव्वाने उचलून, सरळ करून परत टेबलावर ठेवला. तिला वाटलं पत्रिकेचं प्रूफ आहे.

केवढा धूर्त आहेस. सोळा वर्षांनी चेंडू माझ्या अंगणात टाकलास. मी अपंग बाई, पोर गेलेली, नवरा गेलेला, आणि तू मलाच विचारतोस चालेल का. दोन दिवस मी तुला मनात जे जे बोलले ते कागदावर उतरवलं तर छापखान्यातसुद्धा कुणी छापणार नाही.

तिसऱ्या दिवशी राग उतरला असं नाही. पण खाली दुसरं काहीतरी सापडलं, ते लिहिते. इतकी वर्षं मी ते कुणाला सांगितलं नाही, स्वतःलासुद्धा नीट सांगितलं नव्हतं.

१९९१च्या दिवाळीआधी माझा उजवा डोळा गेला होता. म्हणजे पूर्ण नाही, मधोमध धूर बसावा तसं दिसायचं, आणि बुबुळ फिरवलं की दुखायचं. तेव्हा नेसरीचं स्थळ चालून आलं होतं. मी फक्त तुला सांगितलं. तू मला सायकलवर डबलसीट घेऊन लक्ष्मीपुरीतल्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलास. त्यांनी गोळ्या दिल्या, महिन्याभरात दिसायला लागलं. परत येताना मी तुला इष्टलिंगावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली, अप्पा-अव्वाला कळता कामा नये. डोळा अधू असलेली पोर कोण करणार. तू अठरा वर्षांचा होतास, शपथ घेतलीस.

आणि नेसरीला तू मला तपासलंस, त्याच्या आधी मी तुला परसात गाठलं होतं. मी काय म्हणाले ते तुला आठवत असेल. मला आठवतं. "प्रभू, डोळ्याचं काढलंस तर फसवून लग्न केलं म्हणतील. मला हाकलतील. मी पोरीला घेऊन विहिरीत उडी घेईन." असं म्हणाले मी. लेकरू कडेवर होतं.

म्हणजे तुला दिसलं होतं. आधी डोळा, मग हात, मग अंगठा. तिन्ही एकाच ठिकाणी जातात हे त्या घरात फक्त तुला कळलं. खरं लिहिलंस तर ते मला मोठ्या डॉक्टरकडे नेणार, तो पहिलाच प्रश्न डोळ्याचा विचारणार, आणि मी विहिरीत. मन दुबळं आहे असं लिहिलं तर निदान फसवणूक ठरत नाही. एकवीस वर्षांच्या पोरानं असा हिशेब केला. मीच करायला लावला.

पण प्रभू, त्यानंतरची वर्षं? मी इकडे आल्यावर विहीरही नव्हती आणि सासरही नव्हतं. मग कोणती शपथ उरली होती? ९६ सालच्या माझ्या पत्रावर चार ओळी लिहायला तुला कुणी अडवलं होतं? तिथे मी नाही. तो सगळा तू आहेस, आणि तेवढ्यासाठी मी तुला सोडणार नाही.

१९९१ लिही.

दानेश्वरी


मंगळवार पेठ
१२ ऑगस्ट २००७

प्रभू,

पत्र आलं. परस्पर नेसरीला न धाडता उघड्या पाकिटात माझ्याकडे पाठवलंस, वर नेसरीचा पत्ता घालून. "तू वाच आणि मग टाक, किंवा टाकू नकोस." भित्रा तो भित्राच राहिलास.

अक्षर अजून तसंच आहे, 'भ' आणि 'म' कळत नाहीत. चुका चौदा आहेत, मी एकही दुरुस्त केली नाही. दुसऱ्या पानावर तू डोळ्याचं लिहिलं आहेस, शपथेचं लिहिलं आहेस, विहिरीचंही. "तुझी आई तुला घेऊन जीव देईन म्हणाली, आणि मी घाबरलो."

त्या परिच्छेदाभोवती मी लाल पेनाने चौकोन काढायला घेतला होता. आमच्या कामात त्याचा अर्थ एवढा मजकूर काढून टाका. अंगठ्याचं राहू दे, चिठ्ठी खोटी होती हे राहू दे, बाकी पोरीला कशाला. चौदा वर्षांची आहे. आई आपल्याला घेऊन विहिरीत उडी घेणार होती, हे तिनं कशाला वाचायचं? आठ दिवस पत्र माझ्या उशाखाली होतं. छापखान्यातून हंबीरराव प्रुफं घेऊन येतात, पोस्टात टाकायला काही आहे का विचारतात, मी नाही म्हणायचे.

खरी भीती वेगळी होती, ती सांगते. तो परिच्छेद गेला तर शांभवीच्या मनात दोषी तू एकटा. मला ते हवं होतं. तेरा वर्षं मी सोंगाडी ठरले, आता तू लबाड ठर, असं मला फार फार वाटत होतं. मग लक्षात आलं की अर्धं झाकून पाठवलेला कागद तिला एकदा मिळालेला आहे. त्याच्यावरच ती मोठी झाली.

चौकोन अर्धा निघाला होता, तो तसाच राहिला. कुणी विचारलं तर शांभवी म्हणेल, माझ्या आईचा हात चालत नाही म्हणून असं झालं. नाही, मी काय लिहिते आहे. कुणी विचारणार नाही. आज हंबीररावांकडे दिलं.

दानेश्वरी


मंगळवार पेठ
९ सप्टेंबर २००७

प्रभू,

काल त्या दोघी आल्या. आधी कळवलं नाही. सकाळच्या एसटीनं निघाल्या आणि बारा वाजता दारात. बसम्मांचे गुडघे गेले आहेत, जिन्याच्या पहिल्या पायरीवरच बसल्या, म्हणजे माझ्या खोलीच्या तोंडाशी. शांभवी भिंतीला टेकून उभी राहिली. अव्वाने पाणी दिलं. कुणी प्यायलं नाही.

बारा वर्षं मी या बाईशी मनातल्या मनात भांडले आहे. काय काय सुनवायचं ते सगळं पाठ होतं. मी तोंड उघडायच्या आधी तीच बोलली, "पत्तर पोरीनं मला चारदा वाचून दावलं. येक कळंना झालंय. डोळ्याचं कशापायी लपीवलासा?"

मी म्हटलं, "सोयरीक मोडली असती."

तिनं माझ्याकडे बघितलं, मग अव्वाकडे. "हिला कुणी सांगितलंच न्हाय व्हय?"

अव्वानं मान खाली घातली.

"अगं, सुपारी फोडायच्या आदी तुझ्या अप्पानी आमास्नी बाजूला घिऊन सांगितलंतं," सासूबाई म्हणाल्या. "पोरीचा उजवा डोळा म्हैनाभर अधू झालता, आता बरा हाय. फुडं काय निघालं तर फसीवलं म्हणू नगासा. आमचं मालक म्हटलं, माणसाचा डोळा हाय, दुखायचाच. धर सुपारी."

तो डोळ्यांचा डॉक्टर अप्पांच्या दुकानचं गिऱ्हाईक होता. त्यानं त्याच आठवड्यात अप्पांना सांगितलं. अप्पांनी अव्वाला सांगितलं. मी लपवते आहे, म्हणजे मला लाज वाटते आहे, तेव्हा पोरीला अवघडवायचं नाही म्हणून दोघंही गप्प बसले. नेसरीकरही त्याच मायेनं गप्प बसले. आणि त्या डोळ्याचा माझ्या हाताशी काही संबंध असेल, हे दुकानदार अप्पांना आणि शेती करणाऱ्या माझ्या सासऱ्यांना कुठून कळणार? तुझी चिठ्ठी वाचून अप्पांनी विश्वास ठेवला, कारण ती तुझी होती.

म्हणजे मला कुणी हाकलणार नव्हतं. तू खरं लिहिलं असतंस तर काहीही झालं नसतं. आपण दोघांनी मिळून जे झाकलं ते दोन्ही घरांना माहीत होतं.

मी सासूबाईंना विचारलं, "मग तुम्ही मला ठेवून घेतलं असतं?" माझा आवाज चढला होता, पण त्यांचा चढला नाही.

"माझी सासू नऊ वर्सं हातरुणाला हुती," त्या म्हणाल्या. "तिचं हागणंमुतणं ह्या हातानी काढलंय. आजारी माणूस टाकायची आमच्यात रीत न्हाय. तुजंबी केलं असतं की. पर सोंगाला मी काय करू, सांग?"

एवढा साठवलेला राग, आणि समोर ठेवायला माणूस नाही. त्या पदरानं डोळे पुसत होत्या. मला रडू आलं नाही, मला किंचाळावंसं वाटत होतं.

तेव्हा शांभवी बोलली. तुझं पत्र तिच्या हातात होतं, घड्या झिजलेल्या.

"मामानं हितं लिवलंय, माझी चूक झाली," ती म्हणाली. "चूक कशी? गणित चुकतंय, त्येला चूक म्हणत्यात. तुमी दोघांनी हे ठरवून केलतं."

"होय," मी म्हटलं.

"म्हंजे तुमाला नि मामाला, दोघास्नीबी ठावं हुतं."

"होय."

"मी दीड वर्साची हुतो. तुमच्या कडंवर हुतो. तुमी माझ्या जिवावर बोललासा, आणि मला मातूर चौदा वर्सं कुणी काय सांगितलं न्हाय. समद्यांनी समद्यास्नी जपलं. मला कुणी जपलं?"

सासूबाई म्हणाल्या, असं बोलू नये आईला. ती म्हणाली, बोलणार. प्रभू, ती माझ्यासारखी बोलते. तोंड लाल होतं, शब्द तुटत नाहीत, आणि मधे कुणी बोललेलं चालत नाही. इतकी वर्षं वाटायचं, पोरीनं माझ्या बाजूनं रागवावं. ती रागावली आहे, आणि ती कुणाच्याच बाजूची नाही.

साडेतीनच्या गाडीनं त्या गेल्या. जाताना शांभवीनं सांगितलं की दसऱ्याच्या सुट्टीत ती परत येणार आहे, तिचं विचारून झालेलं नाही. मी म्हटलं, ये, मी इथेच असते. ती म्हणाली, "मामालाबी बोलवा. तुमी येकटीनं सांगितलं तर निम्मंच कळतंय."

दसरा एकवीस ऑक्टोबरला आहे. निम्मं मी देईन. उरलेलं तुझं आहे, ते टाइप करून पाठवू नकोस. तिकीट काढ आणि तिच्यासमोर येऊन बस.

दानेश्वरी